डावे नाही, उजवे नाही, मग नक्की कोण? ठाणे-नवी मुंबईतल्या आमच्या गटाबद्दल नेहमी येणारे प्रश्न

आमचा गट म्हणजे पाणी, फुटपाथ, जागा असे शहरातले प्रश्न घेऊन बसणारी साधी माणसं, पक्ष नाही. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमची बैठक असते, कधी कळव्याला कधी कोपरखैरण्याला, आणि दरवेळी दोन-चार नवीन माणसं येतात आणि तेच प्रश्न विचारतात. विचारायलाच पाहिजेत. म्हणून एकदा सगळं लिहून काढलंय. लिहिलंय मी, पण बैठकीत वाचून दाखवलंय, आणि जिथे आमच्यातच एकमत नाही तिथे तसं लिहिलंय.

आधी सांगा, डावे का उजवे?

हे शब्द आले १७८९ च्या फ्रान्समधनं. तिथल्या सभेत राजाच्या बाजूचे लोक अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसायचे आणि विरोधातले डाव्या हाताला, बस. पुढे त्यात मालक-कामगार, सरकारी-खासगी, धर्म, परंपरा असं एकेक भरत गेलं. ही सगळी भांडणं खोटी आहेत असं आम्ही अजिबात म्हणत नाही, ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपन्यांत ज्यांनी हयात घालवली त्यांना मालक-कामगार म्हणजे काय ते कोणी शिकवायला नको.

पण आमच्या गटात एक काका आहेत, तुर्भ्याच्या मार्केटला माथाडी होते, १९६९ चा माथाडी कायदा त्यांना कलमासकट पाठ आहे आणि तेच काका गावच्या पालखीला खांदा द्यायला दरवर्षी सुट्टी टाकून जायचे. दुसरे एक काका बँकेतून रिटायर झालेत, लहानपणापासून संघाच्या शाखेत जाणारे, पण पालिकेची शाळा किंवा दवाखाना खासगी संस्थेला चालवायला द्यायचा विषय निघाला की सगळ्यात आधी त्यांचाच आवाज चढतो. आता यातले डावे कोण, उजवे कोण? दोघं एकाच बाकड्यावर बसून पालिकेचं बजेट वाचतात, पेन्सिलीने खुणा करतात. आम्हाला अशी माणसं हवीत, आणि अशी माणसं आपल्याकडे भरपूर आहेत, फक्त त्यांना एकत्र बसायला जागा नाही.

म्हणजे मधले. सगळ्यांना थोडं थोडं खूश ठेवणारे.

नाही. मधला माणूस दोन्ही बाजूंचं ऐकतो आणि फरक अर्धा अर्धा करून मोकळा होतो. आम्ही प्रश्न घेतो, त्याची किंमत कोण मोजतंय ते शोधतो, त्या माणसाला बैठकीत आणतो आणि मग ठरवतो. कधी उत्तर डाव्यांसारखं येतं कधी उजव्यांसारखं, आणि कधी दोघांनाही आवडत नाही असं येतं.

हे बोलायला छान आहे, एखादं उदाहरण द्या

देते, जरा सविस्तर देते कारण आम्ही जे काही शिकलो ते यातनंच शिकलो.

स्टेशनकडून आमच्या सेक्टरकडे येणारा फुटपाथ. संध्याकाळी ऑफिस सुटलं की तिथे पाय ठेवायला जागा नसते, म्हातारी माणसं रस्त्यावर उतरून रिक्षांच्या मधनं चालतात. सोसायटीवाल्यांचं म्हणणं, फेरीवाले उठवा. गटातल्या युनियनवाल्यांचं म्हणणं, गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका. दोन बैठका याच्यावरच गेल्या, दुसऱ्या बैठकीत तर एकजण उठूनच गेला. तिसऱ्या बैठकीला आम्ही भाजी विकणाऱ्या मावशींना बोलावलं, त्या सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "आधी मोजा तरी."

मग रविवारी सकाळी सातला गवंड्याकडची मोठी टेप घेऊन आम्ही सहाजण गेलो. फुटपाथ सात फुटांचा. दुकानांच्या पायऱ्या दोन-सव्वादोन फूट बाहेर आलेल्या, त्यावर पत्र्याची शेड, मग लाईटचा डीपी बॉक्स, मग आडव्या लावलेल्या बाइक, आणि या सगळ्यानंतर मावशींची टोपली, तीन फूट. बऱ्याच ठिकाणी असं दिसलं की फेरीवाला उठवला तरी चालायला सलग जागा होतच नाही. आणि दोन ठिकाणी असंही दिसलं की फेरीवाल्यांनी खरंच सगळा रस्ता अडवलाय, तिथे युनियनवाले काका गप्प झाले आणि त्यांनीच वहीत तसं लिहिलं. मावशींनी खडू मागून घेतला, स्वतःची टोपली मागे ओढली आणि जमिनीवर रेघ मारली, म्हणाल्या, "माझं हितपर्यंत. आता दुकानवाल्याला विचारा त्याचं कुठपर्यंत."

फेरीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे, त्यात नगर पथविक्रेता समिती असते आणि त्या समितीत ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचेच लागतात, त्यातल्या एक तृतीयांश बायका. आधी सर्वेक्षण, मग जागा ठरवायच्या, मग परवाने, अशी रीत आहे. आम्ही मोजमापाचा नकाशा जोडून वॉर्ड ऑफिसला अर्ज दिला, त्यात पायऱ्या आणि बाइक पण लिहिल्या. बाइक हटल्या. पायऱ्या अजून आहेत. आमचं पत्र चालू आहे.

पण जिथे दोन्ही बाजूंचं खरंच नुकसान आहे तिथे काय? टेपने सगळं मोजता येत नाही.

येत नाही, बरोबर आहे. सगळ्यात अवघड गेलेला विषय सांगते, काळू धरण.

नवी मुंबईकडे स्वतःचं मोरबे धरण आहे. ठाणे पालिकेकडे स्वतःचं धरणच नाही, पाणी येतं स्वतःच्या योजनेतून, स्टेम नावाच्या पाणी कंपनीकडून, एमआयडीसीकडून आणि मुंबई पालिकेकडून, आणि तिकडे घोडबंदर रोडला टॉवरवर टॉवर. तिथली एक ताई सोसायटीच्या टँकरच्या बिलांची फाइलच घेऊन आली होती, मेंटेनन्सचा किती भाग पाण्यात जातो ते तिने दाखवलं, आणि तिचं म्हणणं साधं होतं, धरण बांधा. काळू धरण म्हणजे आपल्याकडच्या शहरांच्या पाण्यासाठी मुरबाड तालुक्यात बांधायचं ठरलेलं. तिथे आदिवासींची आणि कुणब्यांची गावं, शेती, जंगल पाण्याखाली जाणार. जंगलाची परवानगी नसताना काम सुरू झालं म्हणून हायकोर्टाने २०१२ ला थांबवलं होतं.

आम्ही काय केलं, तर त्या ताईंना आणि आणखी चौघांना घेऊन मुरबाडला गेलो, तिथल्या लोकांच्या अंगणात बसलो. ज्यांचं घर जाणार आहे त्यांच्याकडे बघत "आम्हाला टँकर परवडत नाही" हे वाक्य म्हणायला ताईंना जड गेलं, तरी त्या बोलल्या, आणि ते बोलल्या हे फार बरं झालं कारण तिथल्या लोकांनाही कळलं की समोर कोणी राक्षस नाही, ईएमआय भरणारी बाई आहे. परत आल्यावर तीन बैठका झाल्या. ठरलं ते असं: आधी गळती आणि मीटरचा हिशोब उघड करा, बांधकामाला आणि गार्डनला प्रक्रिया केलेलं सांडपाणी सक्तीचं करा, पाण्याची सोय नसताना नव्या टॉवरला परवानगी देऊ नका, आणि धरणाचं जे काय असेल ते २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे ग्रामसभेच्या संमतीशिवाय नको. घोडबंदरचे दोघं गट सोडून गेले. ताई राहिल्या. त्यांना हा निर्णय पूर्ण पटलेला नाही आणि नोंदवहीत त्यांचं वेगळं मत त्यांच्याच शब्दांत लिहिलेलं आहे.

ह्यात नवीन काय? असले प्रयोग आधी पण झालेत.

झालेत, आणि आपल्याच मातीत झालेत, म्हणून तर बळ येतं. संयुक्त महाराष्ट्र समिती बघा, १९५६ ची. कम्युनिस्ट डांगे, समाजवादी एस. एम. जोशी, शेड्युल्ड कास्ट फेडरेशनचे दादासाहेब गायकवाड, शेतकरी कामगार पक्ष म्हणजे शेकाप, सोबत जनसंघवाले पण. १९५७ च्या निवडणुकीत त्यांनी काँग्रेसला घाम फोडला आणि १ मे १९६० ला राज्य मिळवलं. आणि राज्य मिळाल्यावर समिती विरघळून गेली, कारण पुढचं काय ते एकत्र बसून ठरवलेलंच नव्हतं.

शरद जोशींची शेतकरी संघटना घ्या. भीक नको हवे घामाचे दाम, ही मागणी कुठल्या खणात टाकणार? रस्त्यावर उतरणारे शेतकरी, पण मागणी खुल्या बाजाराची. १९८६ ला चांदवडला बायकांचं एवढं मोठं अधिवेशन भरवलं, पुढे लक्ष्मीमुक्तीतनं जमीन बायकोच्या नावावर करा म्हणून सांगितलं. डाव्यांना ते बाजारवाले वाटायचे आणि उजव्यांना आंदोलनवाले. निवडणुकीत मात्र त्यांना तसं यश आलं नाही.

जनता पक्षाचं उदाहरण मला सगळ्यात जास्त टोचतं. १९७७ ला सगळे एकत्र आले, आणीबाणीच्या विरोधात, आणि १९७९ ला फुटले, त्यात दुहेरी सदस्यत्वाचा वाद मोठा होता, म्हणजे जनसंघातून आलेल्यांनी संघाचं सदस्य राहायचं का नाही. हा प्रश्न पहिल्या दिवशीपण सगळ्यांना माहीत होता. कोणी काढला नाही.

इथले मूळचे लोक आम्ही. आमच्या जमिनी गेल्या तेव्हा तुम्ही कुठे होतात?

हा प्रश्न घणसोलीच्या एका दादाने विचारला होता, उभं राहून, आणि त्याला त्या दिवशी आमच्यातल्या कोणाकडेही उत्तर नव्हतं. आमच्यातले बरेच नंतर आले, नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी सिडकोच्या घरात आले, आणि ती घरं कोणाच्या भातशेतीवर आहेत हे आम्ही कधी विचारलंही नाही.

जानेवारी १९८४ ला उरणला, जासईला आणि दास्तान फाट्याला, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, गोळीबारात पाचजण गेले, आणि त्यातनं पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं धोरण आलं. दिबा शेकापचे, लाल बावट्याचे. पण २०२१ ला विमानतळाला त्यांचं नाव द्यावं म्हणून १० जूनला मानवी साखळी झाली आणि २४ जूनला सिडकोला घेराव पडला तेव्हा त्यात कुठला झेंडा नव्हता ते सांगा. सगळे होते. आगरी, कोळी, सगळ्या पक्षांचे. डाव्या-उजव्याच्या पलीकडचं राजकारण शिकायला आम्हाला फ्रान्सला जायची गरज नाही, ते इथल्या गावांनी करून दाखवलंय.

आता गटाचा नियम आहे की नवी मुंबईतल्या कुठल्याही जागेच्या प्रश्नावर गावठाणातली माणसं नसतील तर बैठक पुढे ढकलायची. गरजेपोटी बांधलेल्या घरांचा विषय त्यामुळेच आमच्याकडे आला. सोसायटीवाले त्याला सरळ अनधिकृत बांधकाम म्हणायचे. त्या दादाने आपल्या घरची चार पिढ्यांची माणसं बोटावर मोजून दाखवली आणि गावठाणाची हद्द कधी वाढलीच नाही तर पोरांनी राहायचं कुठे असं विचारलं, तेव्हा भाषा बदलली. त्याच गावांमध्ये भाड्याने द्यायला बांधलेल्या सहा-सहा मजल्याच्या इमारती पण आहेत, त्या गरजेपोटी नाहीत, आणि हे आता दादा स्वतः बोलतो.

"डावे नाही उजवे नाही" म्हणणारे शेवटी हुकूमशाहीकडेच जातात ना?

बरेचदा गेलेत. १९३० च्या दशकात युरोपात फॅसिस्ट गट हीच घोषणा द्यायचे. म्हणून हा प्रश्न आला की आम्ही रागावत नाही.

आणि नुसतं भरकटायचं पण उदाहरण आहे, इटलीतली फाइव्ह स्टार चळवळ. २००९ ला सुरू झाली, ऑनलाइन मतदान, नेते नकोत, डावे-उजवे नकोत, २०१८ ला देशात सगळ्यात मोठा पक्ष. मग २०१८ ला एकदम उजव्या लीगबरोबर सरकार केलं, २०१९ ला मध्य-डाव्या डेमोक्रॅटिक पक्षाबरोबर. लोकांना कळेना हे नक्की कशासाठी उभे आहेत.

त्यामुळे आमच्याकडे काही गोष्टी मताला टाकायच्याच नाहीत असं ठरलंय. संविधान. जातीवरनं, धर्मावरनं, भाषेवरनं कोणाला कमी लेखणं नाही. बाईला बैठकीत पूर्ण बोलू द्यायचं, मधे तोडायचं नाही. मारहाण नाही, धमकी नाही. हिशोब उघडा. एकदा एक चांगला काम करणारा मुलगा मुंब्र्याच्या लोकांबद्दल काहीतरी घाण बोलला, मुंब्र्याचे तिघे समोर बसलेले होते. त्याला सांगितलं, माफी मागायची नाहीतर यायचं नाही. तो आला नाही. काम करणारी माणसं मुळात कमी, खूप वाईट वाटलं, पण तेव्हा गप्प बसलो असतो तर ते तिघे गेले असते आणि त्यांचं जाणं योग्यच ठरलं असतं.

नेता कोण?

कोणीच नाही. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलं होतं की धर्मात भक्तीने मुक्ती मिळत असेल पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि हुकूमशाहीकडेच नेते. आमच्याकडे बैठक चालवणारा दर तीन महिन्यांनी बदलतो आणि नाव चिठ्ठी टाकून काढतो. चिठ्ठी लोकांना पोरखेळ वाटते, पण आयर्लंडमध्ये ९९ सामान्य नागरिक असेच निवडून त्यांच्यासमोर गर्भपाताचा प्रश्न ठेवला, त्यांनी महिनोनमहिने तज्ज्ञांचं ऐकून बंदी उठवायची शिफारस केली आणि २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्क्यांहून जास्त लोकांनी तिला साथ दिली. वर्षानुवर्षं पक्ष ज्याला हात लावत नव्हते तो विषय.

चिठ्ठीत पहिल्यांदा नाव आलं ते आमच्यातल्या घरकाम करणाऱ्या एका ताईंचं. त्यांनी बैठक दीड तासात संपवली. त्याआधी कधी तीन तासांच्या आत संपली नव्हती.

निर्णय बहुमताने?

शक्यतो नाही. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) गाव माहीत असेल, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार", त्यांच्या ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीने होतात आणि आधी अभ्यासगट बसून विषय समजून घेतो. ते गाव छोटं, एकमेकांना ओळखणारं, शहरात तसंच्या तसं जमत नाही. आम्ही अभ्यासगट त्यांच्याकडनं घेतला, सहमतीसाठी तीन बैठका देतो, तरी नाही झालं तर तीन चतुर्थांश मतं लागतात आणि विरोधातलं मत लिहून ठेवतो. हळू आहे. मला स्वतःला कधीकधी फार हळू वाटतं.

मी एका पक्षाचा कार्यकर्ता आहे, चालेल का?

या. फक्त पहिल्याच दिवशी सांगा. जनता पक्षाचं वर लिहिलंय ते यासाठीच. पक्षाचं पद असेल तर बैठक चालवायच्या चिठ्ठीत नाव टाकत नाही, बाकी सगळं सारखंच. आणि बैठकीचे फोटो पक्षाच्या बॅनरवर लागले तर मग नाही.

पैसा कुठून येतो?

महिन्याला १०० रुपये, ज्याला जमेल त्याने. एका माणसाकडून वर्षाला ५००० च्या वर घेत नाही, बिल्डर आणि पालिकेचे ठेकेदार यांच्याकडून काहीच नाही. हिशोब दर बैठकीला मोठ्याने वाचतो, चहा-बिस्किटापासून. निवडणूक रोखे सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२४ ला घटनाबाह्य ठरवले ते याच कारणाने की पैसा कोण देतंय हे कळणं मतदाराचा हक्क आहे, मग तो नियम आधी आपल्याला लावायचा.

निवडणूक लढवणार का?

इथे आमच्यात एकमत नाही, स्पष्टच लिहिते.

अर्धे म्हणतात लढायचं. नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून प्रशासक होते, म्हणजे नगरसेवकच नाहीत, आणि मतदान झालं थेट १५ जानेवारी २०२६ ला. एवढी वर्षं पाणी, कचरा, रस्ते याचे निर्णय निवडून न आलेल्या माणसांनी घेतले आणि शहर चालूच राहिलं, कोणाला काही वाटलं नाही. आपण आत नसू तर परत असंच होईल.

बाकीचे म्हणतात की चारजणांच्या पॅनलमध्ये, म्हणजे एका प्रभागात चार नगरसेवक, साध्या माणसाचं काम नाही, एवढा मोठा प्रभाग फिरायलाच लाखो रुपये लागतात, आणि तिकीट वाटायला बसलो की आपली पण दुकानदारी सुरू होणार. माझं मत दुसऱ्यांच्या बाजूने आहे, निदान आत्ता. आधी ७४ व्या घटनादुरुस्तीने जे दिलंय ते वापरायला शिकू. तीन लाखांवरच्या शहरात प्रभाग समित्या असायलाच पाहिजेत, राज्याच्या कायद्यात क्षेत्रसभेची सोय आहे, म्हणजे गावाला ग्रामसभा तशी आपल्याला आपल्या भागाची सभा. तुमच्या भागात भरलेली कधी पाहिलीत का? मी नाही. ती भरवून घेणं हे पुढच्या दोन वर्षांचं काम ठरलंय, यावर मात्र सगळे एक आहेत.

मग पक्ष म्हणून नोंदणी केली आहे का?

नाही. करायची झाली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २९ अ आहे, पक्ष स्थापन केल्यापासून ३० दिवसांत अर्ज, किमान १०० मतदार सदस्य, घटना, प्रतिज्ञापत्रं. ट्रस्ट केला तर धर्मादायवाल्यांकडे जावं लागतं आणि मग राजकारण बोलायला बंधनं येतात. सध्या एक नोंदवही आणि सह्या.

नाव का नाही ठेवलं?

नाव ठेवलं की बोर्ड लागतो, बोर्ड लागला की पदं लागतात. ठेवू कधीतरी.

मी सकाळी ७:१२ ची लोकल पकडते, रात्री आठला घरी. मला वेळ कुठाय?

महिन्यातनं तीन तास पुरतात. बैठकीला पोरांना घेऊन या, कोपऱ्यात सतरंजी टाकलेली असते आणि दोघंजण आळीपाळीने पोरं सांभाळतात, त्यात बाप्यांची पण पाळी लागते. बैठक नाही जमली तर एखादं कागदाचं काम घ्या, बजेटचं एक पान घ्या, तुमच्या वॉर्डापुरतं.

व्हॉट्सॲप ग्रुपला ॲड करा ना

बैठकीला एकदा आल्याशिवाय करत नाही. ग्रुपवर फक्त तारीख, वेळ, जागा, कागद. वाद समोरासमोर घालायचा.

आमच्या भागात असं सुरू करायचं असेल तर?

पाचजण जमवा, त्यातला निदान एक तुमच्या मताच्या अगदी उलटा पाहिजे, नाहीतर ते मित्रमंडळ होतं. एक छोटा, डोळ्यांना दिसणारा प्रश्न घ्या, एकदम जगाचा घेऊ नका. मग माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, समोरच्याने ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं, कागद पानाला २ रुपये. अर्जात "का" विचारू नका, "का" ला उत्तर येत नाही, कागद मागा: आमच्या प्रभागात गेल्या तीन आर्थिक वर्षांत झालेल्या कामांची यादी, ठेकेदाराचं नाव, मंजूर रक्कम, दिलेली रक्कम, काम पूर्ण झाल्याची तारीख. नाही आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. यादी आली की ती घेऊन पाचजणांनी चालत निघायचं, आणि यादीतलं प्रत्येक गटार, प्रत्येक पेव्हर ब्लॉक जागेवर आहे का ते बघून समोर टिक करायची. पाणी आणि टोपी सोबत ठेवा, आम्हाला पहिल्या वेळी साडेचार तास लागले होते.